शिवराईला चिंच लावू नये

तांबं आणि आंबट यांचं नातं मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. गणपती तोंडावर आले की ताम्हन, पळी, पंचपात्र, तांब्या, घंटा असा सगळा लवाजमा मोरीत उतरतो, चिंचेचा कोळ निघतो, त्यात चिमूटभर मीठ पडतं आणि बोट फिरेल तिथे काळ्याचं गुलाबी होत जातं. कष्ट थोडे आणि फळ तत्काळ, असं घरकामात क्वचितच असतं. म्हणूनच ट्रंकेच्या तळाशी किंवा शेताच्या बांधावर एखादा हिरवा-काळा जुना पैसा सापडला की हात आपोआप चिंचेच्या बरणीकडे जातो. पैसा तांब्याचा, तांबं आंबटाने उजळतं, मग यात विचार तो काय करायचा?

विचार एवढाच, की ताम्हनावर वाचण्यासारखं काही नसतं आणि नाण्यावर असतं.

घासलेल्या भांड्यावर पुन्हा धरतो तो ऑक्साइडचा नुसता पापुद्रा. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तो क्षणात विरघळवतं, मीठ त्या कामाला वेग देतं, आणि खालचा धातू जवळपास होता तसा मिळतो. शे-दोनशे वर्षं मातीत पडलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. तिथे तांबं आतून बाहेर सरकत राहिलेलं असतं. ओलाव्याशी आणि हवेशी त्याची घडामोड होत होत आधी लालसर क्युप्राइटचा थर बसतो आणि त्याच्यावर हिरव्या मॅलकाइटचा. आता टांकसाळीत ठसा बसला तेव्हा जो पृष्ठभाग घडला तो कुठे शोधायचा? आपल्याला वाटतं की हिरवं खरवडलं की खाली अक्षर सापडेल. पुष्कळदा अक्षर त्या थरांतच असतं. धातू आत हटलेला असतो आणि मूळ पृष्ठभागाची आठवण लालसर-हिरव्या क्षारांनी धरून ठेवलेली असते. आम्लाला अक्षर आणि मळ यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही घेऊन जातं आणि हातात उरते नव्या वायरच्या तांब्यासारखी गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांची चकती. ती काही दिवसांतच पुन्हा डाग धरते, आणि तेही जागोजाग, रोग झाल्यासारखे.

हे मी तांब्याच्या कुठल्याही नाण्याबद्दल म्हणू शकलो असतो, पण माझ्या डोळ्यापुढे शिवराई आहे. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी पडू लागली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज बघायला मिळणं म्हणजे भाग्य, शिवराई मात्र बाजारहाटातली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची कड. सुरुवातीच्या चांगल्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅम भरतात. यंत्र नव्हतं. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवायचा आणि वरून हातोडा घालायचा. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं आणि सगळे ठिपके एकाच नाण्यावर आलेत असं सहसा होत नाही. कुठे ‘श्री’ अर्धी कापलेली, कुठे ‘पति’चा फक्त ‘ति’. ठसे खोदणारे हातही अनेक होते, त्यामुळे शुद्धलेखन ज्याचं त्याचं. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ याच नावाचा पैसा चालत राहिला. संतकवींची इंग्रजी भाषांतरं करणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी आपल्याला ठाऊक असतात. या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हजारो शिवराया तपासून अक्षरांच्या वळणांतले फरक नोंदले होते. एखाद्या वेलांटीसाठी, एखाद्या ठिपक्यासाठी. संत आणि सुटे पैसे या दोन्हींत सारखाच जीव रमणारा माणूस मला फार आवडतो.

आता गंमत अशी, की संभाजी महाराजांच्या पैशाचीही मांडणी हीच. ‘श्री राजा शंभु’ आणि मागे ‘छत्रपति’. पहिल्या दोन ओळी त्याच, मागची बाजू तीच. झिजलेल्या नाण्यावर ‘शिव’ आणि ‘शंभु’ यांच्यातलं अंतर दोन-चार रेघांचं उरतं. शिवराया ढिगाने सापडतात, शंभुराजांचा पैसा दुर्मिळ आहे. त्या दोन-चार रेघा हिरव्या थरात असल्या आणि वर लिंबू फिरलं, तर नाणं कुणाचं हे सांगणारा साक्षीदारच धुतला जातो. किती जणांनी असे साक्षीदार दर दिवाळीला मोरीत सोडले असतील, याचा मी विचार करत नाही, कारण रात्री झोप लागणं गरजेचं असतं.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे नाण्यांच्या पथारीवर दोन जातीचा माल दिसतो. एक चकचकीत, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत हवं असतं. दुसरा काळाकुट्ट, कारण जाणत्या गिऱ्हाइकाला चकचकीत नको असतं. यातला काळा माल पुष्कळदा आधी चकचकीतच असतो. आम्लात घासून उघडा पाडलेला पैसा गंधकाच्या रसायनात बुडवला की काळपट होतो आणि ‘जुनाट’ म्हणून पुन्हा विकता येतो. मग राम-सीता-हनुमान असलेली, 1818 असा आकडा छापलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी येतात. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत. ती तांदूळ खेचून घेतात अशी बतावणी करून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत आणि तरी धंदा चालू आहे. अशा मालाला वरून हिरवा रंगही चढवलेला असतो. खरं जंगाल धातूला घट्ट धरून असतं, कारण ते धातूतूनच आलेलं असतं. लावलेलं हिरवं कापसाच्या बोळ्याला अ‍ॅसिटोन लावून पुसलं की बऱ्याचदा निघून येतं. म्हणजे ज्या थराला आपण घाण म्हणतो तोच नाण्याचा जन्मदाखला. तो आपल्याच हाताने फाडून नंतर अस्सलपणाचं प्रमाणपत्र मागत हिंडण्यात काय अर्थ आहे?

पण सगळं हिरवं सारखं नसतं, आणि इथे संग्राहकांचा ‘हात लावू नका’ हा मंत्र अपुरा पडतो. गडद, गुळगुळीत, एकसंध हिरवं म्हणजे नाण्याने स्वतःशी केलेला तह. फिकट, पोपटी, पिठासारखं भुरभुरणारं हिरवं म्हणजे आत चाललेली लढाई. मिठातलं क्लोराइड तांब्यापर्यंत पोचलं की तिथे एक मेणचट, राखी क्षार तयार होतो. तो कोरडा असेपर्यंत गप्प बसतो. ओलावा आणि हवा मिळाली की त्याची पोपटी पूड होते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा तोच राखी क्षार. चक्र चालू. जुन्या काळच्या संग्रहालयवाल्यांना हा संसर्ग वाटायचा, एका वस्तूचा दुसरीला लागणारा. यात जिवाणू नाहीत, रसायन आहे आणि ते फिरून फिरून मूळ पदावर येतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं. नाव मात्र ‘ब्रॉन्झ डिसीज’ असंच राहिलं. आपल्याकडे या दुखण्याला माहेर म्हणजे कोकणपट्टी. खारा वारा, भिंतीतली ओल आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यात आपण मीठ घातलेली चिंच चोळली तर या आजाराला घरी जेवायला बोलावल्यासारखंच होतं.

संशय असेल तर परीक्षा सोपी आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवावा, त्याला न टेकेल असं नाणं ठेवावं आणि एक-दोन दिवस वाट बघावी. पोपटी ठिपके फुटले तर रोग जिवंत आहे. मग पहिला आणि शेवटचा उपाय म्हणजे कोरडेपणा. हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली असली की हे चक्र थांबतं. घट्ट डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यात ते साधतं. दाण्यांनी रंग बदलला की ते गरम करून पुन्हा सुकवायचे. प्रयोगशाळांत याहून पुढे जातात. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांच्या जोडीचं, सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं, 5 टक्क्यांचं द्रावण करून त्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, पाणी बदलत बदलत क्लोराइड उतरवतात. 1967 पासून बेन्झोट्रायझोल नावाचं औषध आलं, ते तांब्यावर अदृश्य पडदा धरतं. ते अंगाला चांगलं नाही आणि ते घरी वापरण्याच्या भानगडीत कुणी पडू नये असं माझं मत आहे. ज्याचं नाणं तेवढं मोलाचं असेल त्याने ते जाणत्या माणसाकडे न्यावं. अशी माणसं आपल्याकडे आहेत. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात 1930 साली रासायनिक जतनाची प्रयोगशाळा निघाली. लखनौला 1976 पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आपल्या जवळ म्हणाल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे.

बाकी साध्या मातकट नाण्याला जे करायचं ते अगदी थोडं आणि अतिशय कंटाळवाणं. आधी कोरड्या मऊ ब्रशने सुटी माती झाडायची. मग काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतात ते, नळाचं नव्हे, कारण नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. त्यात नाणं बुडवून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांनी पाणी बदलायचं. पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हेच. चिकटून राहिलेली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने किंवा बाभळीच्या काट्याने कणाकणाने उचलायची. काटा तांब्यापेक्षा मऊ आणि बोटापेक्षा टोकदार, त्यामुळे तो नेमका उपयोगी पडतो. टाचणी नको, पिना नकोत, तारेची घासणी तर नकोच. दंतमंजन, राख, रांगोळी या सगळ्या बारीक वाळवा आहेत, त्या चमक आणतात ती खरवडून. तेलात मुरत घालण्याची एक पद्धत परदेशी छंदिष्टांकडून आली आहे. ते ऑलिव्ह वापरतात, आपल्याकडे खोबरेल. तेल खवट होतं म्हणजे त्यात आम्लच सुटतं, शिवाय धूळ धरतं ती वेगळी. तेलकटपणा, जुना गोंद, प्लॅस्टिकच्या अल्बममुळे आलेली हिरवी चिकट लाळ घालवायला शुद्ध अ‍ॅसिटोन उत्तम. खिडकी उघडी, गॅस बंद आणि भांडं काचेचं. नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीत वास आणि तेल मिसळलेलं असतं, ती चालत नाही. शेवटी नाणं कडेला धरून टिपकागदावर ठेवायचं. घामातही मीठ असतं, म्हणून तोंडावर बोट लावायचं नाही. आणि कुठल्याही टप्प्यावर ‘आता जरा उजळलं असतं तर’ असं मनात आलं की उठून चहा करायला जायचं.

शेतात मडकं सापडलं तर मात्र ब्रशसुद्धा उचलू नये. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचं जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण हेतू शहाणपणाचा आहे. मडक्यात नाणी कुठल्या क्रमाने एकमेकांना चिकटली आहेत यावरूनही काही कळतं, आणि हे सगळं पहिल्याच धुण्यात जातं.

एवढं सगळं पाठ झालेला माणूस आत्याच्या देव्हाऱ्यासमोर गेला की काय होतं ते सांगतो. तिचं घर रत्नागिरीकडे. लक्ष्मीपूजनाच्या ताटात तिच्याकडे चांदीच्या रुपयांबरोबर तांब्याचे पैसे असतात. 1835 चा कंपनीचा पाव आणा, राणीचे काही, एक-दोन भोकाचे पैसे आणि एक शिवराई. ही शिवराई दोन्ही बाजूंनी इतकी गुळगुळीत झाली आहे की ‘श्री’ आहे हे माहीत असेल तरच दिसते. मी भिंग काढलं तशी आत्या म्हणाली, “त्यात काय बघतोस? माझ्या सासूबाई घासायच्या, त्यांच्या सासूबाई घासायच्या. झिजणारच.”

“यंदा नको घासूस म्हटलं तर?”

“आणि काळी नाणी लक्ष्मीपुढे ठेवू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नाही. त्या शिवराईची झीज हीच तिची हकिगत आहे. ती चलनातून गेली तेव्हा वितळवली गेली नाही. ती एका घरात राहिली आणि वर्षातून एकदा सुनांच्या अंगठ्याखाली आली. संग्राहक तिला दमडी देणार नाही आणि तिला संग्राहकाची गरजही नाही. जतनाच्या पुस्तकांतले नियम नव्याने हाती आलेल्या, अजून काहीतरी सांगू शकणाऱ्या नाण्यासाठी आहेत. देव्हाऱ्यातल्या नाण्याला ते लावणं म्हणजे रोजच्या पूजेतल्या मूर्तीला काचेच्या कपाटात घालणं. चिंच मीच कोळून दिली. फक्त मीठ घालू दिलं नाही आणि नंतर नाणी साध्या पाण्याने नीट खळबळून लगेच कोरडी करायला लावली. हा एवढा तह दोन्ही बाजूंना मान्य झाला.

भांडण झालं ते दुसऱ्याच पैशावरून. माळ्यावरच्या पितळी डब्यात आणखी एक तांब्याचा तुकडा होता, गडद हिरवा, जाड, ठिपक्यांची कड स्पष्ट असलेला. तो तिने चिंचेत टाकण्याआधी मी उचलला, कारण त्याच्या एका बाजूवर मला कापड दिसलं. कापड म्हणजे चिंधी नव्हे. उभे-आडवे धागे, विणीसकट, हिरव्या दगडात उतरलेले. तांब्याचे क्षार बुरशीला आणि जिवाणूंना मारक असतात, त्यामुळे तांब्याला चिकटलेलं सूत कुजण्याआधीच त्यात क्षार भरत जातात. सूत राहत नाही, त्याचा आकार राहतो. उत्खननांत ज्या काळाचं कापड म्हणून एक धागाही मिळत नाही, त्या काळाची वीण कधी कधी अशी एखाद्या तांब्याच्या वस्तूच्या पाठीवर मिळते. हा पैसा कुणीतरी कनवटीला लावला असेल किंवा फडक्याची गाठ मारून ठेवून दिला असेल, आणि ती गाठ पुन्हा सुटली नसेल. राजाचं नाव हजारो नाण्यांवर आहे. त्या काळच्या साध्या फडक्याचा पोत किती ठिकाणी आहे? मला विचाराल तर त्या नाण्यावरची सर्वांत दुर्मिळ गोष्ट ते कापड आहे.

अडचण अशी, की वीण नेमकी तिसऱ्या ओळीवर आहे. वर ‘श्री’ दिसते, मध्ये ‘राजा’ ओळखू येतं, आणि त्याखाली जिथे ‘शिव’ असायला हवं किंवा ‘शंभु’ असू शकतं, तिथे धागे. नाण्यांतला माझा एक जाणकार मित्र म्हणतो, काट्याने तेवढा तुकडा उचल, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हणतो, क्ष-किरणांनी हिरव्याखालचं अक्षर न खरवडता वाचता येतं, तशी सोय लावू. तो म्हणतो, ती सोय होईपर्यंत तू म्हातारा होशील. शक्य आहे. पण अक्षर वाचायच्या वाटा पुढे आणखी निघतील. उचललेली वीण पुन्हा बसवायची वाट कुणाकडे नाही. त्यामुळे ते नाणं सिलिकाच्या डब्यात आहे आणि मित्र माझ्यावर रागावलेला आहे.

आत्याने तो पैसा फुकट दिला नाही. देव्हाऱ्याच्या घरातून तांबं बाहेर जायचं तर बदल्यात ताटात सव्वा रुपया ठेव, असं तिने बजावलं. रुपया खिशात होता, पण चार आणे कुठून आणायचे? 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. शेवटी माझ्या डब्यातलं गेंड्याचं चित्र असलेलं 25 पैशांचं नाणं पुढच्या खेपेला नेऊन दिलं. ते स्टेनलेस स्टीलचं असतं, त्याला ना जंगाल चढत ना त्याला आंबट लागत, असं मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि गेंडा बाकीच्या नाण्यांबरोबर चिंचेत टाकला.